ठाण्याचं जर्मन गणगोत

मुलुंड, रविवार रात्र

भाचीच्या जर्मनच्या वहीत आज 'श्टेएन' हे क्रियापद दिसलं. अर्थ साधा, उभं राहणं. पण बंद पडलेलं घड्याळही जर्मनमध्ये 'उभं असतं', पेपरात छापलेली बातमी तिथे 'उभी असते' आणि शोभून दिसणारा सदरा माणसाला 'उभा राहतो'. त्याला 'फेर' हा उपसर्ग जोडला की 'फेरश्टेएन', म्हणजे समजणं. आपल्यालाही एखाद्याच्या मनाचा ठाव लागतोच की!

हे साम्य वरवरचं नाही. 'श्टेएन' आणि संस्कृत 'स्था' एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूची लेकरं. 'स्था'च्या घरात आपले ठाव, उठणं, ठेवणं हे शब्द जन्मले, आणि 'स्थान'वरून आमच्या पुढच्या स्टेशनाचं नाव, ठाणे. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी तिथेच पोचली होती. 'स्टेशन' हा शब्दही लॅटिनमार्गे आलेला याच कुळातला. म्हणजे 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो.

परकी भाषा शिकणाऱ्या मुलांकडून नुसती रूपं घोकून घेऊ नका, शब्दांची ही नातीही दाखवा. त्यांची मराठीही त्यातून पक्की होईल.