डावा आणि उजवा

दोन्ही हात जोडले की बोटावर बोट अचूक बसते. परंतु डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालू गेल्यास तो कसाही फिरवला तरी बसत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना इमॅन्युएल कांटच्या लेखनात आम्हांस या साध्या अनुभवाची प्रथम दखल आढळली. १७६८ मधील एका निबंधात त्याने हाताचे उदाहरण घेतले, आणि पुढे १७८३ मध्ये हातमोज्याचे. मापे तीच, आकार तोच, तरी दोन वस्तू एक नव्हेत, हे त्याला दाखवायचे होते.

हा विषय ग्रंथालयातच राहील अशी आमची समजूत होती. परंतु आमच्या धर्मग्रामातील कित्येक तरुण फिटर, टर्नर, मिलिंग ऑपरेटर म्हणून काम करतात. त्यांच्या घरी गप्पांच्या ओघात ड्रॉइंगे उलगडली जातात, आणि कांटचा तो हात आम्हांस तेथे पुन्हा भेटतो.

यंत्रांना व वाहनांना डाव्या-उजव्या बाजूंचे जोडभाग लागतात. पुष्कळदा ड्रॉइंग केवळ डाव्या भागाचे काढतात आणि खाली एक ओळ लिहितात : ‘उजवा भाग याच्या विरुद्ध.’ कागद वाचतो, आरेखकाचे श्रम वाचतात. मात्र उरलेले ड्रॉइंग मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला मनातल्या मनात काढावे लागते.

एक उदाहरण पाहू. काटकोनात वाकवलेले एक ब्रॅकेट आहे. त्याची रुंदी १०० मिलिमीटर, तीत ०.३ ची अधिक-उणे सूट. एका पाखावर छिद्र आहे, डाव्या कडेपासून ४० मिलिमीटरवर. तेथे सूट फक्त ०.१. या सुटीलाच टॉलरन्स म्हणतात. उजव्या भागात हेच छिद्र उजव्या कडेपासून ४० वर हवे. परंतु ऑपरेटरला जॉबची डावी कड टेकवूनच माप घेण्याची सवय. तो शंभरातून चाळीस वजा करतो आणि साठावर छिद्र पाडतो. हिशेब चुकलेला नाही. तथापि जॉबची रुंदी १००.३ भरली आणि छिद्र ५९.९ वर पडले, तर उजव्या कडेपासूनचे अंतर ४०.४ होते. ०.१ ची सूट ०.४ झाली! माप उलटले, पण ज्या कडेवरून ते मोजायचे ती कड उलटली नाही.

उलट, काही गोष्टी उलटायच्याच नसतात. साध्या बोल्टसाठी पाडलेले आटे दोन्ही भागांत उजवेच हवेत. कोरलेला क्रमांक आरशातल्यासारखा उमटला तर तो वाचणार कोण? सायकलच्या पेडलचे मात्र निराळे. डाव्या पेडलचे आटे मुद्दाम डावे असतात, नाहीतर पाय मारता मारता ते सैल होत जाईल. काय उलटायचे आणि काय नाही, हे त्या एका ओळीतून कसे कळावे?

आणखी एक पेच आहे. आपल्याकडे ‘फर्स्ट अँगल’ पद्धत शिकवतात, अमेरिकेत ‘थर्ड अँगल’ रूढ आहे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील छोट्या शंकूची खूण नजरेतून निसटली, तर डाव्याऐवजी उजवा भाग तयार होऊ शकतो, तोही सर्व मापांत अचूक!

अशाच एका प्रसंगी एक अख्खा लॉट परत आला आणि दोष ऑपरेटरच्या माथी मारला गेला. दंड त्याच्या पगारातून कापला. ती ओळ लिहिणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आज संगणकावर एका आज्ञेने प्रतिबिंब काढता येते. तेव्हा उजव्या भागालाही त्याचे स्वतःचे ड्रॉइंग, स्वतःचा क्रमांक आणि मोजण्याची स्वतःची कड द्यायला हरकत कसली? संगणक आटे आणि अक्षरेही निमूटपणे उलटवील, म्हणून ते माणसाने तपासावे, एवढेच.

‘बाकी तसेच, फक्त उलट’ असे म्हणणे सोपे असते. परंतु वाचकहो, जो मनुष्य आपल्यासमोर बसलेला नाही, आणि ज्याला आपल्या कागदावरूनच काम करायचे आहे, त्याच्यासाठी चार ओळी अधिक लिहिणे हे आरेखकाचे कर्तव्यच होय. त्या चार ओळी कागदावर असत्या, तर त्या तरुणाच्या घरी त्या महिन्यात पूर्ण पगार पोहोचला असता.