लाख ठाण्यात लावली होती

सही करण्याआधी मी पंचनामा वाचला होता. हे आधीच सांगून टाकतो. "पोलिसांनी सांगितलं म्हणून न वाचताच सही केली" हे कोर्टात पंचांचं ठरलेलं वाक्य असतं आणि ते फार सोयीचं असतं. मी वाचला होता. त्यातली एक ओळ खरी नाही हेही त्याच वेळी कळलं होतं. तरी सही केली.

आज हे लिहायला कारण माझा भाचा. यंदाच महसूल खात्यात लागलाय. परवा रात्री त्याचा फोन. "मामा, उद्या पंच म्हणून बोलावलंय. खुनाची केस आहे. काय करायचं असतं?" फोनवर दोन-चार गोष्टी सांगितल्या, पण नंतर झोप लागेना. म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी पाटबंधारे खात्यात लिपिक होतो. गंभीर गुन्ह्यात सरकारी नोकर पंच घेतात, कारण ते फितूर होत नाहीत असा समज आहे. (आणि सापडायला सोपे. समन्स थेट ऑफिसात बजावता येतं.) सकाळी हवालदार आले, आमच्या साहेबांशी बोलले आणि मी व आमचा शिपाई जीपमध्ये बसलो.

बांधावरून भांडण झालेलं, त्यात एकजण कोयत्याने मारला गेलेला. ठाण्यात आरोपीने आमच्यासमोर सांगितलं की कोयता कुठे लपवलाय ते दाखवतो. हा मेमोरंडम पंचनामा. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण त्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर तेवढ्यापुरतं बोलणं चालतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २७ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये गेलंय. पंचांचं महत्त्व यासाठी. त्याने सांगितलं, त्याने चालत नेलं, तिथूनच निघालं, हे खाकीबाहेरच्या कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

ओढ्याकाठी घाणेरीच्या जाळीत गोणपाटात गुंडाळलेला कोयता निघाला. पात्यावर आणि मुठीपाशी काळपट डाग. हवालदाराने तो उघड्या हाताने उचलला. ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळला, सुतळीने बांधला, लेबलवर आमच्या सह्या घेतल्या. मग सील करायची वेळ आली. पिशवीत लाखेची कांडी होती, पितळी शिक्का होता, काडेपेटी नव्हती. ड्रायव्हरकडे होती ती काडी पेटेना, वारा सुटलेला. "जाऊ द्या, ठाण्यात गेल्यावर लावू." जीपच्या बॉनेटवर पंचनामा लिहून झाला. त्यात होतं, सदर कोयता पंचांसमक्ष जागीच लाखेने सीलबंद करून ताब्यात घेतला. मी म्हटलं, "अहो, लाख तर..." फौजदार समजुतीने म्हणाले, "तेच हो. दहा मिनिटांचं काम आहे."

त्या माणसाच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांनाही उपाशीपोटी अजून दोन पंचनामे करायचे होते. येताना आम्हा दोघांना स्टँडवर उतरवलं आणि जीप ठाण्याकडे गेली.

आता लाखेला एवढं महत्त्व का, ते नीट समजून घ्या, कारण मलाही ते कोर्टात उभं राहिल्यावरच कळलं. पुडक्यावर ज्या शिक्क्याचा ठसा, त्याच शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर घेऊन प्रयोगशाळेला पाठवतात. प्रयोगशाळेतला माणूस पुडकं फोडण्याआधी बघतो की सील शाबूत आहे का आणि नमुन्याशी जुळतं का. मग आतल्या वस्तूला हात लावतो. म्हणजे त्याचं शास्त्र त्याच्या खिडकीपासून पुढे. त्या खिडकीच्या अलीकडे, ओढ्यापासून ठाण्यापर्यंत, ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, पुढे एसटीने पार्सल नेणाऱ्या शिपायाच्या मांडीवर, तिथे काय झालं याची हमी फक्त ती लाख, मुद्देमाल रजिस्टरातली नोंद आणि माझ्यासारख्याची सही देते. या प्रवासात एक जरी सांधा सुटला, तरी पुढच्या महागड्या मशीनला काही अर्थ राहत नाही. ते मशीन पात्यावर रक्त आहे की नाही एवढंच सांगणार, तिथे ते कधी आलं हे त्याला कुठून कळणार?

आणखी एक. रक्ताची वस्तू प्लास्टिकमध्ये बांधायची नसते. सावलीत वाळवून कागदात ठेवायची, प्रत्येक वस्तू वेगळी. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, नमुना सडतो. त्या दिवशी कागद वापरला होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मुद्देमाल खोल्यांविषयी तर काय बोलावं! मथुरेत २०२२ साली पोलिसांनी कोर्टाला सांगितलं होतं की ठाण्यात ठेवलेला ५०० किलोहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ला. लोक हसले. मी नाही हसलो.

चार वर्षांनी समन्स आलं. सत्र न्यायालय. सरतपासात सरकारी वकिलांनी विचारलं तसं सगळं सांगितलं. जागीच सील केलं, हेही. मग आरोपीचे वकील उठले. म्हातारे गृहस्थ, आवाज अगदी खालचा.

"लाख कशी लावतात हो?"

"वितळवून."

"काडेपेटी कोणाची होती?"

मी गप्प. समोर कठड्यात आरोपी, मागच्या बाकावर मयताचा भाऊ आणि आई. न्यायाधीशांनी वर बघितलं. शेवटी म्हणालो, "लाख ठाण्यात लावली होती."

"तुमच्यासमोर?"

"नाही. आम्हाला स्टँडवर सोडलं होतं."

ते म्हणाले, "बस, एवढंच," आणि खाली बसले. नंतर मुद्देमाल रजिस्टरातून निघालं की पुडकं ठाण्यातून प्रयोगशाळेत जायला १९ दिवस लागले होते. मधल्या दिवसांत ते कोणाच्या ताब्यात होतं याची धड नोंद नव्हती. सी.ए. रिपोर्टमध्ये मानवी रक्त, पण गट ठरवता आला नाही. डोळ्यांनी पाहणारे दोघे आधीच फितूर झालेले. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला.

माझी साक्ष झाली त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मयताचा भाऊ आडवा आला. शिवी देईल वाटलं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, समोरच लावली म्हणाले असता तर तुमचं काय गेलं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही जे आहे ते अर्धंच आहे. कारण सुटलेला माणूसही चार वर्षं कच्च्या कैदेत होता. त्याने मारलं असेल तर आम्ही त्याला सोडवलं. नसेल मारलं, तर त्याच्या चार वर्षांवरही माझी सही आहे. यातलं खरं काय हे मला माहीत नाही, आणि त्या कोयत्यावरून आता कोणालाच कळणार नाही.

गेल्या काही वर्षांत निकालांच्या बातम्या आल्या की खालच्या कमेंट्स वाचवत नाहीत. "तांत्रिक कारणावरून सुटले!" दिल्लीच्या छावला प्रकरणात १९ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. तिघांना फाशी झाली होती, नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. अनेक कारणांपैकी एक म्हणजे १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतलेले नमुने २७ तारखेला प्रयोगशाळेत गेले, तोवर ठाण्याच्या मालखान्यातच पडून होते. आणि आपल्या मुंबईचं ११ जुलै २००६ चं लोकल बॉम्बस्फोट प्रकरण. सात स्फोट, १८० हून जास्त बळी. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बाराजणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाचजणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. ओळख परेडीपासून कबुलीजबाबांपर्यंत बरंच काही कोर्टाला पटलं नाही. पण त्या यादीत स्फोटकं वगैरे जप्त मालही आहे. तो नीट सीलबंद करून प्रयोगशाळेपर्यंत सुरक्षित नेला हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, असं कोर्टाने म्हटलं. राज्य सरकार अपिलात गेलं. हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं. पुढे जे व्हायचं ते होईल. मला त्या दिवशी टीव्हीसमोर बसून फक्त जीपचं बॉनेट दिसत होतं.

याला तांत्रिक कारण म्हणायचं असेल तर मग पुरावा कशाला म्हणायचं? सील नाही याचा अर्थ वस्तू तीच आहे हे माहीत नाही. वस्तू तीच आहे हे माहीत नसताना कोणाला फाशी द्यायची?

कायदा बदललाय, हे खरं. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५. त्यात नुसती वस्तू नव्हे, तर यादी करणं आणि पंचांच्या सह्या होणंसुद्धा चित्रणात आलं पाहिजे आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेलं पाहिजे. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲप आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, हे कलम १७६(३). त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुभा आहे. डीएनए नमुन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १५ जुलै २०२५ ला आणखी नेमकं सांगितलं. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, उशीर झाला तर कारण लिहा, आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला याचं रजिस्टर आरोपी दोषी किंवा निर्दोष ठरेपर्यंत ठेवा.

मला यातला व्हिडिओ मनापासून पटतो. त्या दिवशी कोणाच्या हातात कॅमेरा असता तर फौजदारांनी "जागीच" लिहिलं नसतं, आणि माझ्यावर बोलायची वेळच आली नसती. पण व्हॅन आल्या, ॲप आलं, तरी कोयता दाखवायला आरोपी ओढ्याकाठी नेणार तेव्हा सोबत तोच हवालदार, त्याची तीच पिशवी आणि ऑफिसातून उचलून आणलेला एखादा लिपिक असणार. काडेपेटी कोणीतरी आठवणीने घ्यावीच लागेल.

भाच्याला मी एवढंच सांगितलं होतं. पोलिसांशी हुज्जत घालू नकोस, ते तुझे शत्रू नाहीत. पण झालं नाही ते लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी बोल. नुसतं बोलू नकोस, बदलून घे. नमुना सीलच्या कागदावर सही कर. आणि वेळ लिहायला लाव.

काल रात्री परत फोन आला.

"मामा, झालं. कुऱ्हाड होती. व्हिडिओ घेतला त्यांनी. वाऱ्याने लाख लागेना, मग जीपच्या आडोशाला बसून लावली. मी हलकेच म्हटलं, इथेच लावू या, तर पीएसआय मॅडम म्हणाल्या, लावू या ना."

"नमुन्याच्या कागदावर सही केलीस?"

"केली."

"वेळ?"

तो जरा थांबला.

"सुरू केल्याची लिहिली मामा. संपल्याची राहिली."