370 मीटर अलीकडे

परवा रात्री साडेदहाला शेंद्र्याहून कंपनीच्या बसनं परतत होतो. मोबाइलवर बाबांचे सहा मिस्ड कॉल. 'मीटिंगमध्ये होतो' हे उत्तर रेडीच होतं. गेल्या वर्षभरात परभणीला मी दुसरं काही ऐकवलंच नाहीये म्हणा!

फोन लावला, तर बाबा वेगळ्याच मूडमध्ये. पेपरात कुठंतरी पुण्याच्या 'आयुका'चे माजी संचालक नरेश दधिच यांच्याबद्दल वाचत बसले होते. ''अरे, एमएस्सीला असताना तूच सांगायचास ना, बुखडाल तारा! पुन्हा सांग बरं.''

झालं! गाडी सुरू. सूर्य दाबत दाबत 3 किलोमीटर त्रिज्येत कोंबला, की कृष्णविवर. मग प्रकाशही बाहेर पडत नाही. पण 1959 साली हान्स बुखडाल यांनी दाखवलं, की तेवढ्याच वस्तुमानाला तारा म्हणून टिकायचं तर साधारण 3.3 किलोमीटर त्रिज्या तरी हवीच. फरक जेमतेम 370 मीटर. क्रांती चौकातून चालत पाच मिनिटं!

दधिच आणि सहकाऱ्यांनी काठावरच्या या ताऱ्याला विद्युतभार देऊन पाहिला. कागदावर, बरं का. खरे तारे विरुद्ध भार ओढून घेतात आणि जवळपास उदासीनच राहतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून असा तारा आणखी आकसूनही तग धरतो. गंमत म्हणजे, तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराला जास्तीत जास्त जेवढा भार झेपतो, त्याहून 6 टक्के जास्त हा पेलू शकतो.

''आणि प्रकाश?''

''सुटतो. पण पार दमून. तरंगलांबी तिप्पट, ऊर्जा एक तृतीयांश.''

''पोचतो ना पण? मग झालं.''

मी गप्प. बस चिकलठाण्यापर्यंत आली होती.

मग तेच म्हणाले, ''औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभी राहतेय. 2023 ला मंजुरी मिळाली ना? अशा दाट ताऱ्यांच्या टकरी ऐकणार म्हणे आपल्या मराठवाड्यातून. जागा तरी बघून येऊ. दर्शनही होईल.''

शनिवारची रजा टाकलीये. बॉस कारण विचारणारच. सांगीन, मीटिंग आहे.

यावेळी खरीच आहे.