साठ उंट कुठे लपवायचे?

१.
खानदेशातल्या पारोळ्याचा किल्ला भरवस्तीत आहे. १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. खंदक, बुरूज, उचलता पूल, सगळं होतं. १८५७ नंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडला. खंदक शिल्लक आहे. त्यात सध्या काय काय पडलेलं असतं ते लिहीत नाही.

२.
ही नेवाळकरांची जहागीर. झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतलेला मुलगा याच घराण्यातला. मूळचा आनंदराव, दत्तक गेल्यावर दामोदरराव. राणी लक्ष्मीबाईच्या पाठीवर बांधलेला दिसतो तो हा. पुतळा राणीचा असतो, त्यामुळे पुढे या पोराचं काय झालं असं कुणी विचारत नाही.

३.
पुढे असं झालं. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली. मुलगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. त्याच्या आठवणी म्हणून जे छापलं गेलं आहे, त्यानुसार उरलेले विश्वासू लोक त्याला घेऊन चंदेरीच्या बाजूला निघाले. माणसं साठेक, घोडे बावीस, उंट साठ. इंग्रजांच्या धाकाने वाटेतल्या गावांनी थारा दिला नाही. एप्रिलमध्ये इंग्रजांनी झाशीत केलेली कत्तल या गावांनी ऐकलेली होती.

४.
एक पोर माळ्यावर लपवता येतं. साठ उंट?

५.
शेवटी एक गावप्रमुख तयार झाला. बोली ठरली ती अशी: महिना पाचशे रुपये, वर नऊ घोडे आणि चार उंट. बदल्यात शिधा द्यायचा आणि गोरे कुठवर आलेत त्याची खबर. पावसाळा, बेतवाकाठचं जंगल, अंगावर ताप. दोन वर्षं काढली. मुलगा जगला.
या माणसाला काय म्हणायचं? उपकारकर्ता म्हणावं तर पाचशे रुपये आडवे येतात. सौदागर म्हणावं तर गोऱ्यांना खबर देऊन त्याला जास्त मिळाले असते.

६.
जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था नाझी काळात ज्यूंना आसरा देणाऱ्या बिगर-ज्यूंची नोंद ठेवते. नावं अठ्ठावीस हजारांवर गेली आहेत. सगळ्यात जास्त पोलंडची, खालोखाल हॉलंडची. मुख्य अटी दोन. जीव धोक्यात घातलेला हवा. आणि मोबदला ही मदतीची अट नसावी.
चंदेरीकडचा तो गावप्रमुख दुसऱ्या अटीत नापास.

७.
बाजारातला एक किराणा दुकानदार सांगत होता, “भाऊ, कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला ते मला त्याच्या शेजाऱ्याआधी कळतं. चहा-साखरेचं माप वाढतं.”
“मग विचारता का, कोण आलंय?”
“आपल्याला काय करायचंय? माल खपतो ना.”

८.
ॲमस्टरडॅम, प्रिन्सेनग्राख्त २६३. ॲन फ्रँकच्या घरच्यांसह आठ माणसं कार्यालयाच्या मागच्या भागात लपलेली. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४. बाहेरून सगळं पुरवायचं मीप खीस आणि तिच्या सहकाऱ्यांनी. युद्धाचा काळ, रेशनची कुपनं चोरवाटेने मिळवायची. भाजी कोपऱ्यावरच्या हेन्द्रिक फान हूवेकडून. एका बाईला एवढे बटाटे कशाला, हे त्याने विचारलं नाही. बाजूला काढून ठेवायचा, आणून द्यायचा.
त्याने स्वतःच्या घरातही दोन ज्यू लपवले होते. मे १९४४ मध्ये त्यापायी पकडला गेला. छळछावण्यांतून जिवंत परत आला. तो पकडला गेल्यावर मागच्या खोल्यांमधल्या आठ जणांच्या ताटातलं लगेच कमी झालं.
सगळे ‘डायरी’ वाचतात. मी हल्ली तिच्यातली भाजी वाचतो.

९.
खानदेश, १९४२. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले माजी मास्तर. चळवळीत भूमिगत झाले, एप्रिल १९४३ मध्ये मुंबईत सापडले. ज्या जागेत सापडले तिला भूमिगतांनी नाव दिलं होतं ‘मूषक महाल’. त्याच काळात एस. एम. जोशी दाढी वाढवून इमाम अली झाले होते. कोकणस्थ ब्राह्मण. शेजारपाजारच्यांना काहीच कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

१०.
१४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ भूमिगतांनी सरकारी खजिना लुटला. डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड आणि साथीदार. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. रकमेचा आकडा जिथे तिथे सापडतो. आदल्या रात्री भाकरी किती थापल्या, कुणी थापल्या, याचा कुठे नाही. लेखकांना भाकरी मोजायची सवय नसते.

११.
केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ ची. भूमिगत म्हणून पात्र ठरायला सहा महिने लपलेलं असावं लागे, आणि वर कागद: फरारी जाहीर झाल्याचा, पकडून देणाऱ्याला इनाम लावल्याचा, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा. लपवणाऱ्याच्या नावावर असा कागद असायचं कारण नाही.
आपल्याकडे पेन्शन लपणाऱ्याला. तिकडे याद वाशेमचं पदक लपवणाऱ्याला.

१२.
नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ज्यूला घरात घेणाऱ्यालाही मृत्युदंड. हुकूम ऑक्टोबर १९४१ चा. मार्कोवा गावातले योझेफ आणि विक्तोरिया उल्मा शेतकरी. योझेफला फळझाडांचा नाद, रेशीमकिडे पाळायचा, फोटो काढायचा. माळ्यावर आठ ज्यू. एका स्थानिक पोलिसानेच चुगली केली असं मानतात. २४ मार्च १९४४ ला आठही जण, योझेफ, पोटुशी विक्तोरिया आणि सहा पोरं, सगळ्यांना गोळ्या घातल्या.
मार्कोव्यात आणखी काही घरांत ज्यू लपलेले होते. त्यांना घराबाहेर काढायला उल्मांच्या अंगणातली प्रेतं पुरेशी होती. तरी युद्ध संपलं तेव्हा गावात वीसेक ज्यू जिवंत निघाले.
रात्री त्या घरांमध्ये नवरा-बायकोचं काय बोलणं झालं असेल? सासू काय म्हणाली असेल? निदान एका घरात तरी जोरदार भांडण झालं असणार.

१३.
मुंबई. इथे आसरा म्हणजे माळा नव्हे, कागद. युरोपातल्या ज्यूला हिंदुस्थानात यायचं तर नोकरीची किंवा पोट भरण्याची हमी लागे. १९३४ मध्ये मुंबईत ज्यूंसाठी मदत संस्था निघाली. आलेल्यांत चित्रकार वॉल्टर लँगहॅमर (बायको ज्यू), कलासमीक्षक रूडी फॉन लेडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. या तिघांनी रझा, आरा, हुसेन या चित्रकार पोरांना उचलून धरलं. आसरा नक्की कुणी कुणाला दिला, याचा हिशेब लागत नाही.

१४.
सप्टेंबर १९३९. युद्ध सुरू. पासपोर्ट जर्मन, म्हणून हिटलरपासून पळून आलेल्या ज्यूंनाही अहमदनगरच्या छावणीत टाकलं, हिटलरच्या भक्तांच्या शेजारी. काही चौकशीनंतर सुटले. काही कुटुंबं पुरंदर किल्ल्यावर ठेवली. तीन वर्षांनी नगरच्याच किल्ल्यात नेहरू कैदी म्हणून आले.

१५.
कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक कॅथलिक, बायका-मुलं जास्त. यांना हाकललं होतं स्टालिनने. आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

१६.
दामोदरराव १८६० मध्ये इंदूरला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. सालीना दहा हजारांची पेन्शन. सोबत सात माणसं ठेवायची परवानगी. साठांतले सात कुणी निवडले असतील? तो १९०६ पर्यंत इंदुरात जगला.

१७.
हॉलंडची लोकसंख्या नोंदणी अतिशय चोख होती. नाव, पत्ता, धर्म. हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मारले गेले, त्यात या चोख कार्डांचा हात होता. २७ मार्च १९४३ ला भूमिगतांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं. त्यात चित्रकार होते, शिल्पकार होते. बारा जणांना गोळ्या घातल्या. कार्डांचा थोडाच भाग नष्ट झाला.

१८.
तालुक्यातलं एक गाव. रेशनकार्डावरची नावं पडताळायला पोरगा आला, हातात मोबाइल. ओट्यावर आजी.
“आजी, घरात माणसं किती?”
“जेवाले का निजाले?”
पोरगा मोबाइलमध्ये पर्याय शोधत बसला.