स्क्रूला हात शेवटी

एमिशन टेस्टमध्ये नापास झालेली जुनी गाडी गॅरेजात येते तेव्हा मालकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : ‘मिस्त्री, जरा स्क्रू फिरवून पास करून द्या.’ हा स्क्रू म्हणजे कार्बुरेटरवरचा मिक्श्चर स्क्रू. तो आत घेतला की आयडलिंगला पेट्रोल कमी जातं, सीओचा आकडा खाली येतो आणि पुष्कळदा गाडी पासही होते. काम पाच मिनिटांचं आहे. बंगळुरात विल्सन गार्डनला माझं गॅरेज आहे, आणि तिथे त्या स्क्रूला मी सगळ्यांत शेवटी हात लावतो.

पेट्रोल बंकवरच्या केबिनमध्ये सायलेन्सरमध्ये नळी घालतात, तेव्हा जुन्या गाडीचं पास-नापास ठरतं दोन आकड्यांवर. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, पीपीएममध्ये. चुलीत अर्धवट जळून कोळसा झालेलं लाकूड वेगळं आणि मुळात पेटलंच नाही ते लाकूड वेगळं. सीओ आणि एचसीमधला फरक तोच. सीओ वाढला तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एचसी वाढला तर ठिणगी, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह यांपैकी कुठेतरी खोट आहे, किंवा मिश्रण इतकं पातळ झालंय की ते पेटतच नाही. भारत स्टेज 2 च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना नियमाने सीओ 3 टक्के आणि एचसी 1500 पीपीएमपर्यंत सूट आहे. भारत स्टेज 2 आणि 3 च्या गाड्यांना 0.5 टक्के आणि 750, आणि भारत स्टेज 4 च्या गाड्यांना 0.3 आणि 200. म्हणजे जुन्या गाडीला कायद्याने भरपूर मोकळीक दिलेली आहे. एवढी मोकळीक असूनही ती नापास होते, तेव्हा आत खरोखरच काहीतरी बिघडलेलं असतं.

मल्लेश्वरमचे एक काका त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले ती गोष्ट सांगतो. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले तेव्हा दादरहून गाडी सोबत आणली होती. मला ही गाडी या शहरात परकी वाटत नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये म्हैसूर सरकारला सोबत घेऊन बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, जिचं पुढे एचएएल झालं. आणि पद्मिनी बनवणारी मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्सही त्यांचीच. असो. काकांच्या गाडीचा सीओ 5 टक्क्यांच्या वर गेला होता, एचसी मर्यादेच्या अलीकडे पण काठावर. ऑक्सिजन जवळजवळ शून्य. मुंबईत दरवेळी पास होणारी गाडी इथे नापास का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता.

त्याचं अर्धं उत्तर या शहराच्या उंचीत आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटरवर आहे. इथली हवा दादरच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. कार्बुरेटरला हवेचं वजन कळत नाही, तो जेटच्या भोकाप्रमाणे पेट्रोल ओढत राहतो. त्यामुळे समुद्रकाठी ट्यून केलेली गाडी घाट चढून इथे आली की चार-पाच टक्के रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बुरेटरला सांभाळायचं काम मिस्त्रीचं.

पण इथेच विचार थांबवला तर चुकीच्या जागी पोचायला होतं. कारण आता पेट्रोलही ते राहिलेलं नाही. 6 फेब्रुवारी 2023 ला याच बंगळुरात इंडिया एनर्जी वीकमध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ई20, सुरू झालं आणि पुढे देशभर सगळीकडे तेच मिळू लागलं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून ई20 गेलं की मिश्रण पातळ, म्हणजे लीन, होतं. उंचीने जेवढं रिच केलं, साधारण तेवढंच इथेनॉल लीन करतं. दोन्ही धरले तर काकांच्या गाडीचा सीओ मुंबईपेक्षा फारसा वर जायला नको होता. तो बराच वर गेला होता. तेव्हा उंचीचं कारण पुढे करून स्क्रू आत घेणं हे रोगाला पांघरूण घालणं झालं असतं. कारण कार्बुरेटरच्या पोटात होतं.

शोधायची माझी एक रीत आहे. आधी इंजिन पुरतं तापवायचं. बंगळुरातल्या थंड सकाळी लोक चोक ओढून निघतात आणि तसेच बंकवर जाऊन उभे राहतात. त्या गाडीचा आकडा खरा नसतो. मग चारही प्लग काढून पाहायचे. एकच काळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा : प्लग, वायर किंवा रिंग. पद्मिनीचे चारही सारखेच काजळले होते, म्हणजे दोष चौघांना वाटून मिळत होता. मग आयडलिंगवर आणि वाढवलेल्या आरपीएमवर, दोन्हीकडे सीओ बघायचा. दोन्हीकडे जास्त असेल तर एअर फिल्टर चोंदलेला किंवा चोकची झडप अर्धवट मिटलेली. इथे रेस दिल्यावर सीओ चांगलाच उतरत होता. फक्त आयडलिंगला रिच, म्हणजे संशय कार्बुरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटवर.

एअर फिल्टर उतरवून चालू इंजिनात टॉर्चने बघितलं. आयडलिंगला जिथून एक थेंबही पडायला नको, त्या मुख्य नळीतून पेट्रोल झिरपत होतं. कार्बुरेटरचं झाकण उघडलं तर पेट्रोलची पातळी हवी त्यापेक्षा वर, आणि वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीत तांबूस कचरा अडकलेला. नीडलचं रबरी टोकही मऊ पडलं होतं. गाडी बरेच महिने उभी होती. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, टाकीच्या जुन्या पत्र्याला गंज येतो. वर वर्षानुवर्षांचा चिकटलेला थर ते सोडवतं आणि सगळं पुढे ढकलतं. त्या कचऱ्याने नीडल बसत नव्हती, वाटी भरून वाहत होती. डिपस्टिक हुंगली तर ऑइलला पेट्रोलचा वास. मल्लेश्वरम ते यशवंतपूरसारख्या छोट्या फेऱ्यांत हे पेट्रोल पुरतं उडूनही जात नाही. ब्रीदरमधून त्याची वाफ पुन्हा इंजिनात येते आणि सीओ आणखी चढतो.

काम मग सरळ होतं, फक्त वेळखाऊ. टाकी उतरवून धुतली. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला, कारण जुनं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा एमिशनपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. नीडलचा सेट जे. सी. रोडवर मिळाला. या गाडीचं सामान हल्ली शोधावं लागतं, पण त्या गल्ल्यांत अजून सापडतं. ऑइल बदललं, पॉइंट घासून गॅप लावला, प्लग साफ केले. आणि मग तो स्क्रू. इंजिन अडखळेपर्यंत हळूहळू आत, आणि चाल पुन्हा गुळगुळीत होईपर्यंत बाहेर. सीओ 2 च्या आसपास, एचसी मर्यादेच्या बराच खाली. काकांनी चावी फिरवून कानोसा घेतला आणि म्हणाले, ‘आता ही माझी गाडी.’

स्क्रू आधी फिरवला असता तर? मुख्य नळीतून गळणारं पेट्रोल तसंच गळत राहिलं असतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघालं असतं, पातळ ऑइलवर बेअरिंग झिजली असती आणि हातात मात्र पासचं सर्टिफिकेट असतं. फार लीन केलेली गाडी तर दुसरीकडून नापास होते : सीओ पडतो, पण आग चुकते आणि न जळलेलं पेट्रोल एचसी होऊन बाहेर येतं. शिवाय मिश्रण थोडं लीन झालं की वाढणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पेट्रोल गाडीच्या या चाचणीत मोजतच नाहीत.

जुन्या येझदी आणि आरएक्स 100 या मोटरसायकलींचं दुखणं निराळं. टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं मिश्रण न जळताच बाहेर पडतं, म्हणून 2000 च्या आधीच्या अशा गाड्यांना एचसी 9000 पीपीएमपर्यंत सूट आहे. त्यातही नापास झाली तर मी आधी ऑइलचं प्रमाण विचारतो आणि सायलेन्सरची आतली नळी काढून काजळी जाळतो. बहुतेकदा तेवढं पुरतं.

मला राग येतो तो पळवाटांचा. नियमाने नळी सायलेन्सरमध्ये 300 मिलिमीटर आत जायला हवी. ती तोंडाशीच धरली किंवा सायलेन्सरला भोक असलं की बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटाच चांगला येतो. काही ठिकाणी तर गाडीचा नुसता फोटो पुरतो. सर्टिफिकेट नसेल तर 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून लोक कागद मिळवतात. पण सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभा असलेला ट्रॅफिक पोलीस आणि बाजूचा चहावाला हे त्या कागदाकडे बघून श्वास घेत नाहीत. सीओला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि ती नापास झाली, तर बंकवरच्या पडद्याचा फोटो काढा. सीओ, एचसी, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन असे जेवढे आकडे दिसतील तेवढे सगळे येऊ द्या. तो फोटो तुमच्या मिस्त्रीला दाखवा आणि ‘पास करून द्या’ऐवजी ‘काय बिघडलंय ते शोधा’ म्हणा. एक-दोन दिवस जास्त लागतील, तेवढे त्याला द्या.