पुण्याच्या हवेतली बुरशी

पुण्याला आपले जाणे होते ते मालाची पट्टी घ्यायला, मुलाच्या शिक्षणासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. पावसाळ्यात गेलात तर पेठांमधून जरा फिरून पाहा. जुन्या वाड्यांच्या भिंती ओल धरतात, जिन्याखाली कुबट वास येतो. १८८६ साली बांधलेल्या मंडईच्या आसपास टाकाऊ पाला कुजत असतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसते. ती अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी. पोते आपटले की तिचे असंख्य बीजाणू हवेत उडतात आणि हमालाच्या नाकातोंडात जातात.

या बुरश्या आपल्या ओळखीच्याच आहेत. कांद्याला जांभळा करपा होतो तो अल्टरनेरियामुळे. तिच्याच कुळातली एक जात शहराच्या हवेतही सापडते. पाऊस उघडून ऊन पडले, वारा सुटला की तिचे बीजाणू उडतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण ज्याच्या शरीराला ते सोसत नाहीत, त्याला शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दमा उसळतो. अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू तर इतका बारीक, की थेट फुप्फुसात खोलवर जातो.

गंमत अशी, की हवेतले बीजाणू मोजण्याचे यंत्र शेतीनेच दिले. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील पीकरोगतज्ज्ञ हर्स्ट यांनी ते १९५२ साली तयार केले. आज त्याच धर्तीची यंत्रे दम्याच्या अभ्यासासाठी शहरांतून बसवतात.

आपला मुलगा पेठेत खोली घेऊन राहणार असेल, तर भाड्याआधी भिंत पाहा. ओल असलेली खोली नुसता रंग देऊन सुधारत नाही. पाणी कोठून मुरते ते बंद व्हावे लागते. खोलीत ऊन-वारा हवा.

गावीही धोका आहेच. बुरशी धरलेला कडबा बंद गोठ्यात झाडू नका. असे काम करताना नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा. कांदा नीट सुकवून, सडका निवडूनच पोत्यात भरा. भावही बरा मिळेल आणि हमालाचा जीवही वाचेल.

हा दमा संसर्गाने होत नाही, म्हणून कोणाचे ताट वेगळे करू नये. पंपाची सवय लागते ही समजूतही चुकीची. दरवर्षी ठराविक दिवसांतच दम लागत असेल, तर डॉक्टरांना आपले काम आणि घरातली ओल आवर्जून सांगा. निदानाला त्याची मोठी मदत होते.