नुसते वापरकर्ते राहू नका

मित्रहो, वर्डप्रेस २००३ साली आले ते जीपीएल परवान्याखाली. त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. ज्ञानावर पहारा बसवलेल्या समाजात ही मोठी गोष्ट आहे. मग आपण नुसते वापरकर्तेच का?

मी समाजशास्त्राचा माणूस. वस्तीतल्या मुलांसोबत थीम करायला शिकलो. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये अक्षरांतले अंतर वाढवलेले असेल, तर मराठीची शिरोरेषा तुटते. चाइल्ड थीम करून स्टाइलच्या फाइलीत एक ओळ बदलली की ती जुळते. वाचनालयाच्या पुस्तकांची यादी मात्र प्लगिनमध्ये ठेवावी. थीम बदलली तरी ती टिकते.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळण्याची वाट पाहिली नाही. लिहिणारे आपल्यात आहेत, आता साधन घडवणारेही होऊ या. जय भीम!